खोलीतला छापखाना



बोईसरजवळच्या बेटेगावात कामगारांच्या भाड्याच्या खोल्या आहेत. युनियनच्या वर्गणीसाठी आम्ही तेथे नेहमी हिंडतो. एका कारखान्यातून कमी केलेल्या एका वायरमन तरुणाकडे गेलो, तेव्हा तो गुळगुळीत कागदावर इस्त्री फिरवीत बसला होता. कागदाखाली कापड नव्हते. तांब्याचा थर चढवलेली पट्टी होती. "काका, पंपाच्या कंट्रोलरची पीसीबी छापतोय," तो म्हणाला.

ही पीसीबी म्हणजे छापील विद्युत्‌मार्गांची पट्टी. रेडिओपासून मोबाइलपर्यंत प्रत्येक यंत्राच्या पोटात ती असते. घरी करण्याची रीत अशी : लेझर प्रिंटरवर आकृती उलटी छापायची. त्याची शाई म्हणजे प्लास्टिकची पूड. इस्त्रीच्या उष्णतेने ती वितळून तांब्याला चिकटते. कागद पाण्यात भिजवून सोडवायचा आणि पट्टी फेरिक क्लोराइडच्या द्रावणात ठेवायची. उघडे तांबे विरघळते, शाईखालचे शाबूत राहते. हा थर बहुधा ३५ मायक्रॉनचा, म्हणजे एका मिलिमीटरात असे अठ्ठावीस थर मावतील. मग शाई पुसून, भोके पाडून, सुट्या भागांचे पाय डाख देऊन बसवायचे. पट्ट्या बऱ्याच हव्या असल्या, तर लग्नपत्रिका छापतात तीच जाळीची चौकट कामाला येते.

आम्हांला ही नवलाई वाटली. पण इतिहास चाळता तिचे मूळ दोनशे वर्षांपलीकडे सापडले. आलोइस झेनेफेल्डर हा बव्हेरियातला नाटककार. नाटके छापायला पैसा नाही म्हणून तो स्वस्त रीत शोधीत होता. १७९६ साली त्याने धुण्याच्या कपड्यांची यादी मेणचट शाईने दगडावर लिहिली आणि दगडावर आम्ल ओतले. शाईखालचा दगड उंच राहिला, बाकीचा झिजला. बेटेगावच्या पट्टीत घडते ते हेच. पुढे त्यातूनच शिळाप्रेस निघाला.

ही विद्या आपल्याकडे आली, तेव्हा तीही एका कष्टकऱ्यानेच उचलली. मुंबईचे गणपत कृष्णाजी अमेरिकन मिशनच्या छापखान्यात काम पाहून शिकले. लाकडी यंत्र स्वतः केले, शाई स्वतः बनवली आणि १८३१ साली मराठी पंचांग शिळाप्रेसवर छापले. विद्यालयाचा दाखला त्यांच्या मदतीला नव्हता. डोळे उघडे होते, एवढेच भांडवल.

विजेच्या मार्गांना ही छपाईची युक्ती लावणाऱ्यांत पाउल आयझलर हे मोठे नाव. व्हिएन्नात १९०७ साली जन्मलेला हा ज्यू अभियंता १९३६ साली इंग्लंडात आला आणि लंडनमधल्या भाड्याच्या खोलीत त्याने छापील मार्गांचा रेडिओ जुळवला. तेव्हा रेडिओतली प्रत्येक तार हाताने जोडावी लागे आणि कारखान्यांत हे काम मुली करीत. आयझलरने आपली रीत एका कंपनीला दाखवली. उत्तर मिळाले, की मुली स्वस्त पडतात आणि लागेल तशा वळवता येतात. हे त्याने स्वतःच्या आत्मचरित्रात सांगितले आहे. श्रोतेहो, नवे यंत्र मजुराची भाकरी हिरावते असे आम्ही नेहमी ऐकतो. येथे मजुरी इतकी स्वल्प होती की यंत्रालाच दार बंद झाले!

पुढे हेंडरसन अँड स्पॉल्डिंग या छापखान्याने त्याला आश्रय दिला आणि १९४३ साली त्याने पेटंटसाठी अर्ज केले. पण नोकरीचा करारनामा त्याने वाचलाच नव्हता. एका पौंडाच्या नाममात्र मोबदल्यात शोधांचे हक्क मालकाकडे गेले. आयझलरला नव्या कंपनीत थोडा वाटा मिळाला. विद्वान अभियंत्याची ही गत, मग ठेकेदाराच्या कोऱ्या कागदावर अंगठा उठवणाऱ्या आमच्या गड्याला काय हसावे?

त्या तरुणाला हीच गोष्ट आम्ही सांगत होतो. एक दुकानदार त्याच्या आकृत्या घाऊक मागत होता. "आधी कागद वाच, मग सही कर," आम्ही म्हणालो. त्याने मान डोलावली, आणि बोलता बोलता वापरलेले हिरवट द्रावण बाहेरच्या गटारात ओतायला उचलले.

आम्ही त्याचा हात धरला. तारापूरच्या कारखान्यांचे सांडपाणी खाडीत आणि समुद्रात जाते म्हणून अखिल भारतीय मांगेला समाज परिषदेने २०१६ साली राष्ट्रीय हरित लवादाकडे धाव घेतली. त्या द्रावणात विरघळलेले तांबे असते आणि तांबे मासळीला विष. कारखान्याचे विष ते विष आणि आपले ते पाणी, असा न्याय कोठला? तो खजील झाला. ते पाणी झाकणाच्या प्लास्टिकच्या डब्यात साठवायचे आणि घातक कचरा अधिकृतपणे घेणाऱ्याकडेच द्यायचे, असे ठरले. हातमोजे, चष्मा आणि उघडी खिडकी यांवाचून कामास बसायचे नाही, हेही ठरले.

शोधांच्या इतिहासात आपण एवढेच वाचतो, की अमुक साली अमुकाने अमुक केले. आम्हांला तेथे आणखी दोन प्रश्न विचारावेसे वाटतात : त्याचा हक्क कोणाच्या पदरी गेला आणि त्याचा मैला कोणाच्या दारात? बेटेगावच्या त्या खोलीत आज डब्याला झाकण आहे, आणि दुकानदाराचा कागद अजून सहीवाचून पडला आहे. तो नीट वाचायला आम्ही येत्या रविवारी जाणार आहोत.