घड्याळ, आठवडा आणि बटण

मंडळी, आजचा विषय ऐकायला अगदी साधा आहे: ऑफिस सुटल्यावर दिवे आणि कॉम्प्युटर बंद करणे. पण त्यालाही इतिहास आहे, आणि तो तेलाच्या दिव्यापासून सुरू होतो.

वीज यायच्या आधी आपल्या या किनारपट्टीवर उंडीच्या बियांचं तेल दिव्याला वापरत. बिया वेचायच्या, वाळवायच्या, घाण्यावर न्यायच्या, तेव्हा कुठे दिवा लागायचा. काम संपलं की दिवा मालवावा, हे कुणाला शिकवावं लागत नव्हतं. तेल आपलं, कष्ट आपले, म्हणून दिवा मालवणारा हातही आपलाच. विजेने ही साखळी तोडली. बटण हाताशी आलं आणि तेल दूर गेलं.

दूर म्हणजे कुठे? चंद्रपूरला, जिथे २,९२० मेगावॅटचं केंद्र कोळसा जाळतं. कोयनेला, जिथे १,९६० मेगावॅटची क्षमता पाण्यावर उभी आहे. संध्याकाळी राज्यभर एकदम दिवे लागतात तेव्हा कोयना कामाला येते, कारण पाण्यावरचं जनित्र काही मिनिटांत चालू होतं. कोळशाच्या केंद्राला ते जमत नाही. पण हे पाणीही मोजून मिळतं. बच्छावत लवादाने कोयनेचं पाणी पश्चिमेकडे वळवायला वर्षाला ६७.५ टीएमसीची मर्यादा घातली. म्हणजे ऑफिस सुटायची जी वेळ, नेमकी तीच विजेची सगळ्यात ओढाताणीची वेळ.

आता सरकारने वीज वाचवायला काय काय केलं ते बघा. दुसऱ्या महायुद्धात, १९४२च्या सप्टेंबरात, हिंदुस्थानातली घड्याळं एक तास पुढे केली. ती १९४५च्या ऑक्टोबरात मागे आली. उजेडात काम उरकावं, दिवे कमी जळावेत, हा त्यातला हिशेब. पुढे २००१ साली ऊर्जा संवर्धन कायदा झाला. त्यातून यंत्रांवर ताऱ्यांची लेबलं आली. मग २९ फेब्रुवारी २०२०पासून महाराष्ट्र सरकारच्या कार्यालयांना पाच दिवसांचा आठवडा आला. वेळ पावणेदहा ते सव्वासहा. वीज, पाणी, इंधन वाचेल, हे त्यामागचं एक कारण सांगितलं गेलं.

घड्याळ फिरवलं, यंत्र बदललं, आठवडा कापला. बटण दाबणाऱ्या हाताचं काय? तो हात मात्र यातल्या कुठल्याच हुकमात सापडत नाही.

हिशेब करून बघू. आठवड्याचे तास १६८. ऑफिसचे तास साडेबेचाळीस. उरले साडेएकशेपंचवीस. म्हणजे कुठलंही असं ऑफिस जवळजवळ तीन चतुर्थांश वेळ रिकामं असतं! शुक्रवारी सव्वासहाला चालू राहिलेला कॉम्प्युटर सोमवारी पावणेदहापर्यंत साडेत्रेसष्ट तास कुणासाठी चालतो? तो साठ वॅट घेत असेल, तर पावणेचार युनिटं गेली. एका मशीनची, एका शनिवार-रविवारची. कर्मचाऱ्यांना सुट्टी मिळाली, मशीनला नाही मिळाली.

यावर दोन उत्तरं नेहमी मिळतात. एक, स्क्रीनसेव्हर असतो की. त्याने पडदा जपला जायचा. वीज वाचत नाही. दुसरं, सारखं बंद-चालू केलं तर मशीन बिघडतं. दिवसातून एकदा बंद केल्याने आजचं मशीन बिघडत नाही. उलट आपल्याकडे पावसाच्या तोंडाशी गडगडाट सुरू झाला की घरी आपण धावत जाऊन टीव्हीची पिन काढतो. म्हणजे बंद करणं आपल्याला चांगलं येतं. आपल्या वस्तूचं नुकसान होईल म्हटलं की आठवतंही.

मग ऑफिसात काय होतं? तिथे आपण म्हणतो, "कोणतरी बंद करतलो." तत्त्वज्ञान शिकवणाऱ्याला हे वाक्य फार महत्त्वाचं वाटतं. हा 'कोणतरी' कोण? जो सगळ्यांचा असतो तो दिवा कुणाचाच नसतो, असं आपण धरून चालतो. पण वीज कुणाची तरी असतेच. शेतीपंपाला वीज पाळीने मिळते आणि पाळी रात्रीची आली की शेतकरी अंधारात पाणी द्यायला जातो. रिकाम्या खोलीतला पंखा आणि त्याचा पंप एकाच ग्रिडवर आहेत.

म्हणून माझी सूचना लहान आहे. शिपायावर ढकलू नका. प्रत्येक विभागाने बटणाशेजारी आठवड्याचं एक नाव लिहावं, साहेबांचंही. सर्व्हर, औषधांचा फ्रीज, जे चालूच राहायला हवं त्यावर वेगळी खूण करावी. बाकी सगळं बंद. खर्च एका कागदाचा. 'कोणतरी'ला एकदा नाव मिळालं की हुकमाची वाट बघावी लागणार नाही.

प्रश्न असतील तर घेऊ. आणि निघताना या सभागृहाचे दिवे कोण बंद करणार, तेही आत्ताच ठरवून टाकू.