छत्री एका छिद्राची

गर्भातलं मूल फुप्फुसांनी श्वास घेत नाही. म्हणून त्याच्या महाधमनी आणि फुप्फुसधमनी यांच्यात निसर्गानं एक आडवाट ठेवलेली असते. जन्मानंतर थोड्याच दिवसांत ती मिटते. काही बाळांची मिटत नाही, मग फुप्फुसांवर रक्ताचा भार पडत राहतो. १९३८ साली बोस्टनच्या रॉबर्ट ग्रॉस यांनी सात वर्षांच्या एका मुलीची छाती उघडून ही वाट बांधून टाकली. छाती न उघडता ती बुजवायला १९६७ उजाडलं. पूर्व बर्लिनच्या व्हर्नर पोर्स्टमन यांनी मांडीच्या रक्तवाहिनीतून नळी नेऊन तिथं फोमचं बूच बसवलं. पुढं फिलाडेल्फियाच्या विल्यम राशकिंड यांनी इवलीशी छत्री केली. नळीत मिटलेली, जागेवर पोचली की उघडणारी.

खरी गंमत यानंतर आहे. छत्री केली होती या आडवाटेसाठी. पण तिनंच हृदयाच्या खालच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्याची छिद्रं बुजवल्याचं बोस्टनच्या जेम्स लॉक आणि सहकाऱ्यांनी १९८८ मध्ये प्रसिद्ध केलं. रक्तवाहिन्या बंद करायची तारेची वेटोळी १९९२ च्या सुमारास बाळांच्या आडवाटेत बसू लागली. रफूगराला शेरवानीचा उरलेला धागा सदऱ्यालाही चालतो, त्यातलाच हा प्रकार!

मग आली मिनेसोटाच्या कुर्ट अ‍ॅम्प्लाट्झ यांची, आपला आकार न विसरणाऱ्या नितिनॉल तारेची जाळी. वरच्या कप्प्यांमधल्या छिद्रासाठीच्या त्यांच्या चकतीला २००१ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली. डॉक्टरांनी मात्र अशी साधनं कृत्रिम झडपेशेजारची गळती थांबवायलाही वापरली. याला ‘ऑफ लेबल’ म्हणतात. हे बेकायदा नव्हे. असले रुग्ण थोडे, प्रत्येकाचं छिद्र निराळं. प्रत्येकासाठी वेगळी चाचणी कोणती कंपनी करणार? मात्र ‘या कामासाठी हे साधन मंजूर नाही’ हे वाक्य आई-वडिलांना सही करण्याआधी, त्यांच्या भाषेत ऐकायला मिळालं पाहिजे, असं मला वाटतं.

डब्यावरचं नाव म्हणजे हमी, असंही नाही. खालच्या पडद्याच्या वरच्या भागातल्या छिद्राला लागूनच हृदयाच्या ठोक्यांची विद्युतवाट जाते. खास त्याच छिद्रासाठी बनवलेल्या चकतीचा दाब त्या वाटेवर पडून काही मुलांना कायमचा पेसमेकर लागला. तेव्हा अनेक डॉक्टर वळले ते आडवाटेसाठी केलेल्या मऊ साधनाकडे.