ट्रॅक्टर: रुग्णाच्या उशापासून शर्यतीच्या मैदानापर्यंत

अमेरिकेतील ओहायो, आयोवा, मिसुरी या शेतीप्रधान राज्यांत उन्हाळी जत्रांमध्ये 'ट्रॅक्टर पुल', म्हणजे ट्रॅक्टरने वजन ओढण्याची शर्यत, भरते. आणि परिसरातील एखादे मूल गंभीर आजारी असेल, तर तेथील स्वयंसेवक त्याच्या उपचारखर्चासाठी अशी शर्यत मुद्दाम भरवतात. ट्रॅक्टर आणि आजारपण यांची ही सांगड वरवर योगायोगाची वाटते, परंतु शब्दाचा माग काढला असता ती दोनशे वर्षांहून जुनी ठरते. कारण 'ट्रॅक्टर' या नावाने इंग्रजी भाषकांत प्रथम गाजलेली वस्तू शेतीचे यंत्र नव्हती, ती दुखणे ओढून काढणारी धातूची सळई होती.

कनेक्टिकटमधील वैद्य एलिशा पर्किन्स यांनी १७९६ मध्ये 'मेटॅलिक ट्रॅक्टर्स'चे पेटंट घेतले. सुमारे तीन इंच लांबीच्या, एका टोकाला निमुळत्या असलेल्या या दोन सळया होत्या, त्यांपैकी एक पितळेसारखी पिवळी आणि दुसरी पोलादासारखी दिसे. दुखऱ्या भागावरून त्या काही वेळ ओढत नेल्या की वेदना शरीराबाहेर खेचली जाते, असा पर्किन्स यांचा दावा होता. लॅटिनमध्ये 'त्राहेरे' म्हणजे ओढणे, आणि त्यावरून घडलेला 'ट्रॅक्टर' म्हणजे ओढणारा. पुढच्याच वर्षी कनेक्टिकटच्या वैद्यक संस्थेने पर्किन्स यांना सदस्यत्वावरून दूर केले, तरी त्यांचा मुलगा बेंजामिन याने सळया लंडनला नेल्या आणि तेथे त्यांची जोडी पाच गिनींना विकली जाऊ लागली. १७९९ मध्ये जॉन हेगार्थ या इंग्रज वैद्यांनी बाथ येथे लाकडाच्या, धातूसारख्या रंगवलेल्या सळया पाच रुग्णांवर फिरवून पाहिल्या, तेव्हा चौघांना आराम वाटला, आणि दुसऱ्या दिवशी खऱ्या सळयांनीही तेवढेच घडले. गुण धातूचा नसून विश्वासाचा आहे, हे त्यातून उघड झाले.

हाच शब्द यंत्राला कसा मिळाला, हा खरा वादाचा मुद्दा आहे. प्रचलित समजुतीनुसार आयोवातील चार्ल्स सिटीच्या हार्ट-पार कंपनीचे विक्री व्यवस्थापक डब्ल्यू. एच. विल्यम्स यांनी १९०६ च्या सुमारास, 'गॅसोलिन ट्रॅक्शन इंजिन' हे लांबलचक नाव जाहिरातीत अडचणीचे होते म्हणून, 'ट्रॅक्टर' हा सुटसुटीत शब्द योजला. ही कथा आकर्षक असली तरी टिकत नाही, कारण शिकागोच्या जॉर्ज एडवर्ड्स यांच्या १८९० च्या पेटंटात तो शब्द यंत्रासाठी आधीच आलेला आहे. विल्यम्स यांच्याकडे प्रसाराचे श्रेय जाते, जन्माचे नाही.

दुसरा, अधिक भक्कम, प्रतिपक्ष असा की ओढणे आणि शेती यांचे नाते इतके स्वाभाविक आहे की कोणीही हा शब्द लॅटिनवरून नव्याने घडवला असता. त्याला संस्कृतचीही साक्ष काढता येते: 'कृष्' या धातूचा अर्थ ओढणे आणि नांगरणे असा दुहेरी आहे, त्यातूनच 'आकर्षण' आणि 'कृषी' हे दोन्ही शब्द निघाले. तरीही अर्थ सुचणे आणि शब्द तयार सापडणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. अमेरिकन वैद्य आणि लेखक ऑलिव्हर वेंडेल होम्स (थोरले) यांनी १८४२ मध्ये बोस्टनला दिलेल्या व्याख्यानांत पर्किन्स यांच्या सळयांचा सविस्तर समाचार घेतला होता, त्यामुळे सळया बाद झाल्यावरही शब्द सुशिक्षित अमेरिकनांच्या कानावर राहिला. यंत्राला नाव शोधणाऱ्यांच्या हाती तो तेथूनच आला असावा, हे अनुमान आहे. परंतु शब्द अमेरिकेच्या भूमीवर आधीच रुळलेला होता, एवढे निश्चित.

शर्यतीचा पूर्वेतिहास थोडक्यात सांगता येतो. आधी घोड्यांच्या जोड्या कोठाराचे काढलेले दार ओढत. १९२९ मध्ये मिसुरीतील बोलिंग ग्रीन आणि ओहायोतील वॉनस्व्हिल येथे ट्रॅक्टर उतरले. १९६९ मध्ये राष्ट्रीय संघटनेने नियम एकसारखे केले. वजन वाढवण्याची युक्ती मात्र पाहण्यासारखी आहे. पूर्वी ठरावीक अंतरांवर माणसे उभी असत आणि घसरगाडी, म्हणजे ओढावयाचा सपाट सांगाडा, जवळून जाताच एकेक जण तीवर चढे, जसा आपल्याकडे ढेकळे फोडताना शेतकरी पाट्यावर उभा राहतो. पुढे वजनाची पेटीच सरकती केली गेली: ती आरंभी मागच्या चाकांवर असते, गाडी चालू लागली की चाकांना जोडलेल्या साखळीने पुढे सरकते आणि सारा भार जमिनीला घासणाऱ्या पोलादी तळावर आणते. त्यामुळे ओझे पावलागणिक जड होते, ट्रॅक्टरची पुढची चाके अधांतरी उचलली जातात, मागची माती उकरत जागीच फिरू लागतात आणि निशाणवाला लाल निशाण दाखवतो. तीनशे फूट पार करणारी ओढ 'फुल पुल' ठरते.

मदतीच्या शर्यतीत प्रवेशशुल्क, तिकिटे, खाद्यपदार्थांची विक्री आणि घरी केलेल्या 'पाय' या भाजलेल्या गोड पदार्थाचा लिलाव यांतून पैसा उभा राहतो. आजारी शेतकऱ्याचे पीक शेजाऱ्यांनी आपापली यंत्रे आणून काढून देण्याची रीत त्याच भागात आहे, आणि तिचे आपल्या इर्जिकीशी, म्हणजे गरजवंताचे शेत गावाने मिळून नांगरून देण्याच्या प्रथेशी, असलेले साम्य उघड आहे; ही शर्यत त्याच रीतीची लेक मानणे सयुक्तिक ठरते. पर्किन्स यांचा ट्रॅक्टर रुग्णाकडून पाच गिनी नेत होता, हा ट्रॅक्टर रुग्णाच्या घरी पैसे पोचवतो. म्हणूनच या शब्दाच्या कोशातील नोंदीत विल्यम्स यांच्या आधी एडवर्ड्स आणि त्यांच्याही आधी पर्किन्स यांचे नाव असावयास हवे.