पहिली डिजिटल खंडणी आली फ्लॉपीतून

डिसेंबर १९८९. एड्सविषयी माहिती देणाऱ्या सुमारे २०,००० फ्लॉपी टपालाने जगभर गेल्या. एड्स परिषदेला गेलेल्या संशोधकांनाही मिळाल्या. तेव्हा ही माहिती सर्वांनाच हवी होती. संगणक साधारण ९० वेळा सुरू केला, की फाइल्स सापडेनाशा होत आणि पनामाच्या पत्त्यावर १८९ डॉलर पाठवण्याची मागणी येई.

मार्च २०२१ मध्ये आयर्लंडच्या सरकारी आरोग्यसेवेत कुणीतरी ईमेलमधली एक्सेल फाइल उघडली. धोक्याची लक्षणे दिसूनही पुरेशी दखल घेतली गेली नाही. १४ मे रोजी देशभरातील रुग्णालयांचे संगणक ठप्प झाले.

म्हणून अनपेक्षित फाइल उघडण्याआधी पाठवणाऱ्याला फोन करा, तोही आपल्याकडच्या नंबरवर. चुकून उघडलीच, तर लगेच सांगा. आजार लपवला की बळावतो.