अडकलेला बोल्ट आणि नीरेचे पाणी

माझ्या टेबलाच्या खणात दोन तुकडे झालेला एक बोल्ट आहे. डोक्यावर १०.९ असे आकडे, मधल्या दांड्यावर गंजाचे जाड कवच, आणि टोकाला आट्यांवर घट्ट बसलेला नट. हा बोल्ट सोडवताना झालेली चूक माझी होती. बारामती-इंदापूर भागाच्या इतिहासाची कागदपत्रे मी गेली वीस-बावीस वर्षे जमवतो आहे. पण या भागाचा इतिहास कागदाबाहेरही साठलेला असतो, हे मला या बोल्टने शिकवले.

नव्वदच्या दशकात, पोटापाण्यासाठी, मी बारामती-इंदापूर रस्त्यावरच्या एका गॅरेजमध्ये हाताखाली होतो. एका संध्याकाळी पत्र्याच्या एकसंध बांधणीची एक छोटी मोटार आली. पुढच्या चाकाचा लोअर आर्म खडखडत होता. बुश संपले होते. आर्म ज्या बोल्टवर झुलतो तो काढायचा, नवे बुश ठोकायचे, एवढेच काम. गाडीमालकाला दुसऱ्या दिवशी पहाटे आईला घेऊन पुण्याला दवाखान्यात जायचे होते.

बोल्ट हलेना. वस्ताद म्हणाले, तेल सोड आणि थांब. मी थांबलो नाही. गोटी पान्याच्या दांड्याला चार फुटी पाइप लावला आणि अंगाचा भार टाकला. 'कट्' असा आवाज आला, बोल्ट फिरू लागला आणि मी खूश झालो. दहा वेढे झाले, वीस झाले, पण बोल्ट बाहेर येईना. वस्तादांनी वाकून हात लावला. "आरं, बोल्ट सुटला न्हाय. आतला नट सुटलाय. दोघं मिळून फिरत्यात."

तो नट चौकटीच्या बंद पोकळीत आतून वेल्ड केलेला होता. तिथे हात जात नाही, पानाही जात नाही. वेल्ड तुटले की नट बोल्टच्या गळ्यात पडतो आणि मग कितीही फिरवा.

हा बोल्ट इतका का धरला? उत्तराची सुरुवात गॅरेजच्या मागून वाहणाऱ्या पाण्यापासून करावी लागते.

नीरा डावा कालवा १८८५ मध्ये सुरू झाला. दुष्काळी टापूला पाणी द्यायचे, हा त्यामागचा हेतू. वीरच्या बंधाऱ्यातून निघालेले हे पाणी बारामती ओलांडून इंदापूर तालुक्यात उतरले, आणि कोरडवाहू ज्वारीच्या जागी हळूहळू ऊस उभा राहिला. पण इथली काळी जमीन पाणी धरून ठेवते. कालव्याचा पाझर आणि उसाला दिलेले भरमसाट पाणी यांमुळे भूजल वर आले. ते उन्हाने उडून गेले, क्षार मात्र वर राहिले. चांगल्या जमिनी चिबड झाल्या, मग चोपण. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला विश्वेश्वरय्यांनी याच कालव्यावर ब्लॉक पद्धत आणली, तिचा एक उद्देश पाणी एकाच ठिकाणी न मुरवता वाटून देण्याचा होता. १९१० मध्ये हॅरॉल्ड मान आणि तामहाणे यांनी नीरा खोऱ्यातल्या खारवट जमिनींवर मुंबई शेती खात्यासाठी पुस्तिका लिहिली. म्हणजे कालव्याला पंचवीस वर्षे होतात न होतात तोच क्षार हा अभ्यासाचा विषय झाला होता.

पावसाळ्यात आणि ऊसतोडणीच्या हंगामात याच जमिनीचा चिखल रस्त्यावर येतो आणि चाकांमागून उडून चौकटीच्या पोकळीत जातो. पाणी निघून जाण्याची भोके बुजतात. ओल आत कोंडते. क्षार असलेले पाणी लोखंडाला लवकर खाते, आणि गंज मूळ लोखंडाच्या दुपटीहून अधिक जागा घेतो. बोल्ट आणि बुशची आतली लोखंडी नळी यांच्यामध्ये केसाएवढी फट असते. गंज ती भरून काढतो आणि वर आणखी दाब देतो. कोकणातल्या गाड्या खाऱ्या हवेने याहून जोरात गंजतात, हे खरे. पण आमच्याकडे समुद्र नसताना खार आला, तो आपणच आणलेल्या पाण्याबरोबर.

आता नटाकडे वळू. तो आत लपला कसा?

या भागात जी यंत्रे उसाबरोबर आली, ती उघडण्यासाठीच बनलेली होती. वालचंद हिराचंद यांनी १९३४ मध्ये इंदापूर तालुक्यात वालचंदनगरचा साखर कारखाना सुरू केला. पुढे स्वातंत्र्यानंतर भवानीनगर, माळेगाव असे सहकारी कारखाने उभे राहिले. साखर कारखाना वर्षातले काही महिनेच चालतो. बंद हंगामात गिरणीचे रोलर, बेअरिंग, पंप सगळे खोलून, घासून, पुन्हा बसवतात. गावोगावचे शेकडो फिटर या दरवर्षीच्या खोलण्यात शिकले. विहिरींवरची ऑइल इंजिने याच हातांनी चालती ठेवली. जीपही त्याच जातीची: खाली शिडीसारखी चेसिस, कमानीचे पाटे, आणि बोल्टच्या दोन्ही टोकांना पाना लागेल अशी मोकळी जागा.

त्याआधीचे लोहारही याच परंपरेतले. बैलगाडीच्या लाकडी चाकावर धाव चढवताना ती जाळात लाल करायची, चाकावर टाकायची आणि पाणी ओतायचे. लोखंड तापले की वाढते, निवले की आवळते. जाम नट गॅसच्या ज्योतीने तापवून सोडवणाऱ्या मिस्त्रीचे ज्ञान याहून वेगळे नाही.

मोटारीने मात्र हा करार मोडला. गंमत अशी की ज्या वालचंदांनी आमच्या माळावर दरवर्षी खोलायचा कारखाना उभारला, त्यांनीच १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन केली. तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून पुढे जी फियाट ११०० रस्त्यावर आली, तिला वेगळी चेसिस नव्हती. पत्र्याची बॉडी हीच तिची चौकट. १९८३ च्या डिसेंबरात मारुती ८०० आली आणि ही बांधणी घरोघरी पोचली. पत्रा दुमडून केलेली पोकळ चौकट हलकी आणि मजबूत असते. पण पोकळी बंद झाल्यावर आत नट धरणार कोण? म्हणून कारखान्यात पोकळी बंद करण्याआधीच नट आत वेल्ड करतात. जुळणी करणाऱ्याला एका बाजूने बोल्ट आवळला की झाले. नव्या गाडीत ही सोय निर्दोष आहे. तिची किंमत दहा-बारा वर्षांनी द्यावी लागते, आणि ती देणारा माणूस जुळणीच्या रांगेत उभा नसतो.

त्या संध्याकाळी मी उपाय सुचवला, तोही सोपा: जुना बुश तसाच ठेवू, बोल्टचे डोके ब्रॅकेटला वेल्ड करू, गाडी उद्या पुण्याला जाऊन येईल. वस्तादांनी दोन वाक्यांत निकाल दिला. "उच्च ताणाचा बोल्ट हाय, वेल्ड केला तर कडक हून तुटंल. आन् न्हाय तुटला, तर पुढच्या मिस्त्रीनं काय करायचं?" गाडीमालक चिडला. वस्तादांनी ओळखीची एक जीप पहाटेसाठी ठरवून दिली आणि गाडी ठेवून घेतली.

दुसऱ्या दिवशी काम असे झाले. गाडी जॅकवर न ठेवता घोडीवर घेतली. बॅटरी सोडली, पेट्रोलची नळी बाजूला केली, ओले पोते हाताशी ठेवले. बुश आणि ब्रॅकेट यांच्या फटीत हॅक्सॉचे पाते घालून बोल्ट दोन्हीकडून कापला. त्यात सकाळ गेली. आर्म खाली आला. मग चौकटीच्या सपाट भागात, दुमडी आणि कोपरे सोडून, छोटी खिडकी कापली. खिडकीचे कोपरे गोल ठेवले, कारण टोकदार कोपऱ्यातून पत्रा चिरत जातो. सुटा नट बोल्टच्या तुकड्यासकट बाहेर काढला. नवा नट जाड पट्टीवर वेल्ड करून आत सरकवला, पट्टी चौकटीला धरली, खिडकी बंद केली, आतबाहेर रेड ऑक्साइड मारला आणि पाणी जाण्याची भोके मोकळी केली. बोल्ट त्याच आकड्याचा आणला. बाजारातला साधा ४.६ चा बोल्ट ताणाला त्याच्या निम्म्याहूनही कमी पडतो. नव्या बोल्टच्या दांड्याला ग्रीस लावले. शेवटचा आवळ गाडी चाकांवर उभी केल्यावर दिला, नाहीतर बुशचे रबर कायम पिळलेले राहते.

त्या दिवसाची मजुरी वस्तादांनी बुश बदलण्याएवढीच घेतली. नट तुटण्याचा खर्च गॅरेजचा, म्हणजे माझा, असे ते म्हणाले. माझ्या पगारातून मात्र त्यांनी काही कापले नाही.

कालव्याचा इतिहास सरकारी अहवालांत आहे, साखरेचा कारखान्यांच्या वार्षिक वृत्तांतांत, मोटारीचा कंपन्यांच्या जाहिरातींत. हे तिन्ही जिथे एकमेकांत अडकले आणि कोणीतरी ते सोडवले, त्या जागेची नोंद कुठेच नाही. ती मिस्त्रींच्या हातात आहे, आणि हे हात आता थकत चालले आहेत. तरुण मिस्त्री अडकलेला आर्म कापून सगळा जोडच नवा बसवतात. सुटा भाग मिळतो तोवर त्यात चूक काही नाही. पण खिडकी कुठे कापायची आणि कुठे नाही, हे लिहून ठेवायला हवे. बारामती आणि इंदापूरच्या जुन्या गॅरेजांत बसून मी ते आता वहीत उतरवतो आहे. आटे, घोडी, पाटे, गोटी पाना असे शब्द आणि त्यांमागची कारणे, दोन्ही.

वस्ताद आज नाहीत. 'पुढच्या मिस्त्रीनं काय करायचं?' हा त्यांचा प्रश्न मी वहीच्या पहिल्या पानावर लिहिला आहे. शंभराहून अधिक वर्षांपूर्वी पाणी सोडताना तो कोणी विचारला असता, तर कदाचित आमच्या थोड्या कमी जमिनी चोपण झाल्या असत्या.