एका देहात दोघे : हॅल क्लेमंट यांची ‘नीडल’

परग्रहवासी मानवी शरीरात वस्तीला आला तर? अमेरिकी लेखक हॅल क्लेमंट यांच्या ‘नीडल’ (सुई) या १९५० साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झालेल्या विज्ञान कादंबरीचा हाच विषय आहे.

‘हंटर’ हा परग्रहावरील शोधाधिकारी. जेलीसारख्या देहाचे हे जीव दुसऱ्या सजीवाच्या शरीरात राहतात. फरारी गुन्हेगाराचा पाठलाग करताना हंटरचे यान प्रशांत महासागरात कोसळते आणि तो किनाऱ्यावर झोपलेल्या बॉब या पंधरा वर्षांच्या मुलाच्या शरीरात शिरतो. गुन्हेगारही कोणाच्या तरी देहात दडलेला आहे. त्याला शोधणे म्हणजे गवताच्या गंजीत सुई शोधणे. शीर्षकाचा अर्थ हाच.

हंटर बॉबच्या जखमांतील रक्तस्राव थांबवतो. क्लेमंट हे विज्ञानशिक्षक होते. त्यांच्या कल्पनेला सहजीवनाचा आधार आहे. आपल्या गोड्या मसाल्यातील दगडफूल हेदेखील बुरशी आणि शैवाल यांचे सहजीवनच होय.

तथापि, हंटर शरीरात शिरला तो बॉबला न विचारता. पाहुणा उपकारक असला, तरी देहावर हक्क कोणाचा? स्टेफनी मेयर यांच्या ‘द होस्ट’मध्ये (२००८) परजीवी माणसांच्या देहांचा सरळ ताबाच घेतात. मराठीत जयंत नारळीकर यांच्या ‘प्रेषित’मध्ये परग्रहावरून आलेले मूल माणसांत वाढते, तेथे प्रश्न देहाचा नसून आपलेपणाचा आहे. हंटर मात्र पुढे बॉबशी संवाद साधतो, त्याचे सहकार्य मिळवतो. घुसखोर आणि सोबती यांतील सीमारेषा येथेच स्पष्ट होते.