छापण्यास हरकत नाही

परवा कपाट आवरताना अण्णांची एक जुनी फाईल हाती लागली. आत दोन कोरे कागद, टाचणी लावून जपून ठेवलेले. गुळगुळीत, पिवळट, कडेने वळलेले. घरातल्या मंडळींना या कागदांची कथा पाठ आहे, त्यांनी दोन परिच्छेद गाळून वाचलं तरी चालेल. बाकीच्यांसाठी सांगतो, पण त्यासाठी जरा मागे जावं लागेल.

आमचा छापखाना होता. छापखाना म्हणजे काय, एक ट्रेडल मशीन, भिंतीला लागून खिळ्यांच्या केसेस, एक कंपोझिटर आणि अण्णा. कंपोझिटर स्टिकमध्ये एकेक खिळा जुळवून ओळ करायचा, ओळी गॅलीत उतरवायचा. त्यावर शाईचा रोलर फिरवून ओलसर कागद दाबला की झालं गॅली प्रूफ. ते पोचवायचं काम माझं, सायकलवरून. गिऱ्हाईक समासात खुणा करणार, मग दुसरं प्रूफ, कधी तिसरं. शेवटी कोपऱ्यात 'छापण्यास हरकत नाही', खाली सही, तारीख. त्या तीन शब्दांशिवाय अण्णा मशीनला हात लावू द्यायचे नाहीत.

आज लोकांना वाटतं प्रूफ म्हणजे फक्त चुका शोधणं. तेव्हा त्यात आणखी एक घोर असायचा, खिळ्यांचा. देवनागरीला जोडाक्षरं, काने, मात्रा, वेलांट्या धरून शेकडो प्रकारचे खिळे लागतात (ही संख्या कमी करण्याचा खटाटोप खुद्द टिळकांनीही केला होता), आणि आमच्यासारख्याकडे ते मोजकेच. गिऱ्हाईक प्रूफ घेऊन आठ दिवस गावाला गेलं की त्याचे खिळे गॅलीत अडकून पडायचे. कुणा व्याख्यात्याच्या पुस्तिकेत सगळे 'र' गुंतले म्हणून एका लग्नाच्या पत्रिका थांबल्याचं मला चांगलं आठवतं. मंजुरीला उशीर म्हणजे काय, हे तेव्हा केसमधल्या रिकाम्या खणात डोळ्यांना दिसायचं. अर्थात खिळ्यांच्या आधीच्यांचं याहून कठीण. गणपत कृष्णाजींनी 1831 मध्ये मराठी पंचांग छापलं ते शिळाप्रेसवर. दगडावर चढलेलं अक्षर दुरुस्त करणं चिमट्याने खिळा बदलण्याइतकं सोपं नाही. असो.

मग कॉम्प्युटर आला. पेजमेकर तिकडे 1985 सालीच निघालं होतं, आमच्याकडे नव्वदीत पोचलं, सोबत श्रीलिपी, आकृती वगैरे. 'र' संपायचा बंद झाला. सायकलही सुटली, कारण परगावच्या गिऱ्हाइकाला प्रूफ फॅक्सने जाऊ लागलं. आता मराठी आणि फॅक्स यांचं काही जमत नसे. बारीक टाइपातले अनुस्वार वाटेत गळायचे आणि नको तिथे काळे ठिपके पडून नवे अनुस्वार उगवायचे. तरी काम चालायचं, कारण सही तर येत होती.

1998 साली एका परगावच्या संस्थेची कॅलेंडरं आम्ही छापली. त्यांच्याकडून सही करून दोन पानी फॅक्स आला, अण्णांनी फाईलला लावला. माल गेल्यावर सुट्टीची एक तारीख चुकल्याची तक्रार आली. ती त्यांनी दिलेल्या मजकुरातच चुकीची होती. पत्रापत्री महिनोन्महिने चालली आणि शेवटी त्यांचा माणूस समोर येऊन बसला, तेव्हा अण्णांनी ऐटीत फाईल उघडली. कागद कोरे! फॅक्सचा तो कागद उष्णतेने काळा होणारा, त्यावर शाई नसतेच. आमची फाईल खिडकीपाशी, उन्हात. मजकूर उडाला, सही उडाली. अण्णा काही बोलले नाहीत. निम्मे पैसे सोडून दिले. त्या दिवसापासून येणाऱ्या प्रत्येक फॅक्सची झेरॉक्स काढायची पद्धत पडली.

पुढे पीडीएफ आली. अडोबीने ती 1993 मध्येच काढली होती, पण मराठी डीटीपीवाल्यांना तिची खरी किंमत कळली ती ईमेल आल्यावर. तोवर आपली फाईल दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवर उघडली की तो फॉन्ट तिथे नसल्याने 'सप्रेम नमस्कार'च्या जागी इंग्रजी अक्षरांचा चिवडा दिसायचा. पीडीएफमध्ये फॉन्ट आतच बसवता येतो. एवढ्या एका गोष्टीवर आमची निम्मी भांडणं मिटली. 2005 च्या अक्रोबॅटपासून तर, पाठवणाऱ्याने तशी मुभा ठेवली असेल तर, फुकटच्या रीडरमध्येही शेरे लिहिता यायला लागले. आणि मग ऑनलाइन प्रूफिंगची साधनं आली. प्रूफ एकाच ठिकाणी ठेवायचं, सगळ्यांनी तिथेच टाचण्या टोचून शेरे लिहायचे, आवृत्त्या शेजारीशेजारी लावून पाहायच्या आणि शेवटी 'मंजूर'चं बटण. कोणी, कधी, कितव्या आवृत्तीला होकार दिला, सगळी नोंद. प्रूफएचक्यू हे त्यातलं आधीचं नाव. 2015 मध्ये ते वर्कफ्रंटने घेतलं आणि 2020 मध्ये वर्कफ्रंट अडोबीने. आता उन्हाची भीती नाही, असं मला वाटलं होतं. पण इनव्हिजन या चांगल्या चालत्या साधनाची सेवा 2024 च्या अखेरीस बंद झाली. ज्यांनी आपला ऐवज आधी उतरवून घेतला नाही, त्यांची फाईलही खिडकीपाशीच होती म्हणायची.

आता गेल्या वर्षीची गोष्ट. अमेरिकेतल्या एका मराठी मंडळाची स्मरणिका मी केली. तीनशे प्रती, छपाई इथे. मंजुरी अर्थातच ऑनलाइन. समितीतल्या तिघांनी बटण दाबलं, त्यातल्या एकाने, नोंद सांगते, प्रूफ उघडल्यापासून चाळीस सेकंदांत. पानं अठ्ठ्याऐंशी! गठ्ठे बांधताना आमच्या मुलाने सहज यादीचं पान पाहिलं आणि मला हाक मारली. देणगीदारांत एका आजोबांच्या नावामागे 'कै.' लागलं होतं. वरच्या ओळीवरून मीच नक्कल करताना ते खाली उतरलं असणार. आजोबा ठणठणीत आहेत, गेली दिवाळीत त्यांचा फोन आला होता.

मी आधी काय केलं असेल? नोंद उघडली. तीन मंजुऱ्या, तीन वेळा, तारखेसकट. मी छापून ठेवल्या. कायद्याने मी मोकळा होतो आणि तो फॉर्म पुन्हा छापायचा खर्च त्यांच्याकडे मागता आला असता. ते पत्र मी लिहायलाही घेतलं. संध्याकाळी अण्णांना सगळं सांगितलं, जरा ऐटीतच, की बघा, आता कागद कोरा होत नाही. अण्णा आता नव्वदीला आलेत, ऐकू कमी येतं. मी मोठ्याने दोनदा सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "कंपोझ कोणी केलं होतं?"

"मी."

"मग?" म्हणाले, आणि चष्मा पुसायला लागले.

कागद माझ्या पैशांनी आणला. फॉर्म पुन्हा छापला, तीनशे प्रती उसवून नवीन पानं घातली, त्यात चार दिवस गेले. मंडळाला उशीर का झाला ते खरं कळवलं. आजोबांना त्यांच्यातल्याच कुणीतरी सांगितलं असावं, कारण आठवड्याने त्यांचा फोन आला. जुनी 'कै.'वाली एक प्रत आठवण म्हणून पाठव, म्हणाले. मी त्या सगळ्या रद्दीत घातल्या होत्या.

तो दोन कोऱ्या कागदांचा टाचा मात्र फाईलमध्ये परत ठेवलाय.